कुडाळच्या काकू, माझं ऑर्किड तुमच्यामुळे वाचलं

प्रिय काकू,

फोनवर थँक्यू म्हणून झालंय दहा वेळा, पण मनासारखं बोलता येत नाही फोनवर, म्हणून हे लिहितेय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझ्यासारखे अजून कितीतरी जण असतील ज्यांच्या बाल्कनीत चुकीच्या नावाचं ऑर्किड हळूहळू वाळत असेल.

आपली ओळख भाचीच्या लग्नात झाली. मी मांडवातल्या डेकोरेशनमधली जांभळी-पांढरी फुलं बघत उभी होते आणि तुम्ही मागून म्हणालात, "आवडतात काय गो?" मी लगेच मोबाईल काढून घरच्या झाडाचे फोटो दाखवले. जानेवारीचा शेवट होता. झाडाची अवस्था म्हणजे कांड्या वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारख्या सुरकुतलेल्या, पानं पिवळी पडून गळत चाललेली. नर्सरीवाल्याने देताना 'डेन्ड्रोबियम नोबिल' सांगितलं होतं (डेन्ड्रोबियम हा ऑर्किडचा एक मोठा गट, नोबिल त्यातली एक जात), आणि नोबिलबद्दल जिथे तिथे हेच वाचलेलं की हिवाळ्यात पाणी कमी करा, खत बंद करा. मी तर दिवाळीपासून पाणी पूर्णच बंद केलं होतं. वाटायचं झाड विश्रांती घेतंय.

तुम्ही ते वाळकं झाड बघितलंच नाहीत. एकच प्रश्न विचारलात, "फूल आलेलं तेव्हा कुठून आलेलं? शेंड्यातून की पेरापेरातून?" गणपतीत आणलं तेव्हाचा फोटो शोधला. कांडीच्या टोकातून लांब दांडा आलेला आणि त्यावर ओळीने फुलं. तुम्ही म्हणालात, "ह्या नोबिल नाय."

मग तिथेच जेवणाच्या पंगतीआधी तुम्ही मला जे समजावलंत ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलंय. नोबिल हिमालयाच्या अंगाचं झाड, सिक्कीमचं राज्यफूल, त्याची फुलं कांडीच्या पेरापेरावर दोन-दोन तीन-तीनच्या झुपक्याने येतात, आणि कळ्या धरायला त्याला हिवाळ्यात रात्रीचा गारवा लागतो, १० ते १५ अंशांपर्यंतचा. डोंबिवलीत तो मिळणार कुठून! माझं झाड निघालं डेन-फाल, म्हणजे ज्याचे मूळ पूर्वज ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उष्ण भागातल्या डेन्ड्रोबियम बिगिबमच्या कुळातले. त्याला वर्षभर ऊब लागते, पाणी लागतं, आणि हिवाळ्यात पाणी थोडं कमी केलं तरी बंद करायचं नसतं. म्हणजे मी त्याला तीन महिने उपाशी ठेवलं होतं, तेही एका नावाच्या भरवशावर. आणि तुम्ही हेही म्हणालात की नोबिललासुद्धा एवढं कडक उपोषण नको असतं.

मी लगेच विचारलं मग हे सोनिया नावाचं हायब्रीडच ना, मांडवात आहे तेच? तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला सगळ्यात जास्त आवडलं. सोनियासारखं दिसतं, पण लेबल नसेल तर हायब्रीडचं नाव ठामपणे सांगायचं नाही, नुसतं डेन-फाल हायब्रीड लिही, देखभाल करायला तेवढं पुरतं. इतकी वर्षं ऑर्किड वाढवणारी बाई 'एवढंच सांगता येईल' म्हणून थांबते, याचा मला फार आदर वाटला.

आणि ती हनुवटी! मला शंका होती की फूल तर फॅलेनॉप्सिस नावाच्या दुसऱ्या ऑर्किडसारखं चपटं गोल दिसतं, मग डेन्ड्रोबियम कशावरून. तुम्ही मांडवातलंच एक फूल काढून बाजूने धरलंत आणि मागे बोट लावलंत, खालच्या दोन बाहेरच्या पाकळ्या बुडाशी जुळून मागे छोटी टोकदार हनुवटी झालेली. त्या दिवसापासून मी कुठल्याही बुकेतलं ऑर्किड आधी बाजूने बघते.

घरी आल्यावर तुम्ही सांगितलंत तसंच केलं. कुंडी बादलीत वीस मिनिटं बुडवली, मुळं दाबून बघितली, कडक ती ठेवली, पिचपिचीत झालेली कापली. कुंडी लगेच बदलायची मला घाई झाली होती, तुम्ही थांबवलंत, की बुडातून नवीन कोंब येऊ दे, त्याला मुळं फुटायला लागली की मगच हलव. मार्चमध्ये कोंब दिसला, एप्रिलमध्ये छोट्याशाच कुंडीत लोणारी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाचं सोडण घालून लावलं, माती अजिबात नाही. जुन्या सुरकुतलेल्या कांड्या मी कापणार होते, त्याही तुम्ही ठेवायला लावल्यात, त्यात झाडाची शिदोरी असते म्हणून. पूर्वेची बाल्कनी, वर हिरवी शेडनेट, सकाळी पाणी, आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत. मुळं कोरडी असताना चांदीसारखी पांढरी दिसतात आणि पाणी पडलं की डोळ्यासमोर हिरवी होतात, ते बघायला मी रोज चहा घेऊन तिथेच बसते. सप्टेंबरमध्ये दांडा आला, अकरा फुलं, दीड महिना टिकली.

दुसरं झाड तर तुमच्याशिवाय कचऱ्यातच गेलं असतं. मे महिन्यात देवरुखला वळवाच्या वाऱ्यात आंब्याची फांदी पडली, तिच्यावर बोटभर कांड्यांचा एक झुबका होता. सासूबाई म्हणाल्या बांडगूळ आहे, टाक चुलीत. तुम्हाला फोटो पाठवला, तुमचा उलट मेसेज, "टाकू नको, आमरी आहे, म्हणजे ऑर्किडच. बांडगूळ झाडाचा रस पितं, ही नुसती बसायला जागा घेते." आणि लगेच पुढचा मेसेज, की पडलेल्या फांदीवरची घेतलीस ते ठीक, झाडावरची कधी ओरबाडू नको.

फांदीसकट डोंबिवलीला आणली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिची सगळी पानं गळली. मी घाबरले, आधीचा अनुभव ताजा, रोज पाणी मारायला लागले. तुमचा फोन आला, "अगो पाणी थांबव, ती झोपलीय!" पहिल्याला उपाशी ठेवलं आणि दुसरीला झोपेत भरवत होते. हिला खरोखरच पान गाळून कोरडं राहायचं असतं, आठवड्यातून एकदा हलका फवारा पुरे. नाव विचारलं तर म्हणालात डेन्ड्रोबियम आहे, पण बार्बाटुलम की ओव्हॅटम ते फूल आल्यावरच बोलू.

काकू, फेब्रुवारीत फूल आलं. एकही पान नसलेल्या, मेल्यासारख्या दिसणाऱ्या कांडीवर पांढरी शुभ्र फुलं, रुपयाच्या नाण्याएवढी. तुम्ही ओठाचा, म्हणजे फुलाच्या वेगळ्या दिसणाऱ्या खालच्या पाकळीचा, जवळून फोटो मागितलात, मी मुलाच्या शाळेचं भिंग मोबाईलला लावून काढला, ओठाच्या बुडाशी बारीक लव दिसली. तुमचं उत्तर आलं, "बार्बाटुलम. लॅटिनमध्ये छोट्या दाढीवाली." आपल्या पश्चिम घाटातलीच. सासूबाईंना व्हिडिओ कॉल करून दाखवली, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, फणसावर पण आहे असलं, आता कुणाला काढू देणार नाही.

रात्री साडेदहाला पाठवलेल्या धूसर फोटोंनासुद्धा तुम्ही उत्तर दिलंत, एकदाही 'हे मागे सांगितलं होतं' म्हणाला नाहीत. मनापासून आभार काकू.

डेन-फालच्या एका जुन्या कांडीवर वरच्या बाजूला पिल्लू, म्हणजे छोटं नवीन रोप, फुटलंय, मुळं आत्ता इंचभर आहेत. दोन इंच झाली की वेगळं करते आणि मे महिन्यात कुडाळला येताना तुमच्यासाठी घेऊन येते. लेबलवर 'डेन-फाल हायब्रीड' एवढंच लिहिलंय.

तुमची,
डोंबिवलीची सूनबाई