पोरीचं रान तुम्ही तिला परत दिलंत, मामा

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, त्याला कारण आहे. तुमच्यासमोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चुलीकडं बघून "आंबील घ्या" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. मागं मी पाकीट पुढं केलं, तर ते तुम्ही धाकट्याच्या खिशात कोंबून परत पाठवलंत. शिवाय हे गेले त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी खांदा दिला त्यांतल्या निम्म्यांची तोंडंसुद्धा मला नीट आठवत नाहीत. कुणाच्या तरी हातून हे त्यांच्यापर्यंत जाईल अशी आशा आहे. तुम्हाला नातीनं वाचून दाखवावं, सावकाश. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. भीमगडच्या रानात जी मोजकी गावं उरली आहेत त्यांतलं ते एक, एवढं पुरे.

हे पहिल्यांदा तुमच्याकडं आले ते आमच्या लग्नाआधी, डोक्यात बारापेडे गुहेचं वेड घेऊन. रॉटन नावाच्या साहेबाच्या नावानं ओळखलं जाणारं एक वटवाघूळ आहे. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं सगळ्या जगात ते फक्त ह्याच गुहेत माहीत होतं. पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. "आपल्या खानापूर तालुक्यात, अगं!" असं हे मला दहादा सांगायचे. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात आठवडाभर मशीनवर उभा राहणारा माणूस, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वनखात्यातलाच वाटायचा. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं तेव्हा ह्यांनी कारखान्यात पेढे वाटले होते, हे मला त्यांच्या मित्रांनी नंतर सांगितलं. तर गुहेकडं जायला परवानगी लागते, ती ह्यांच्याकडं नव्हती, आणि तुम्ही तोंडावर "न्हाई" म्हणालात. दुप्पट पैसे देतो म्हणणाऱ्या मित्रालाही न्हाईच. ह्यांना तुमचा तो नकार फार आवडला. तिथून तुम्ही ह्यांचे मामा झालात आणि हे "पावणं"चे "बाळ" झाले.

थोरली झाल्यावर ह्यांचं फिरणंच बदललं. आधी कुठला डोंगर किती वेळात चढलो याचा हिशेब असायचा. तो संपला आणि हे पोरीच्या पावलांनी चालायला लागले. राजहंसगडाच्या वाटेवर ती वारुळापाशी बसली की हेही शेजारी बसायचे, ती उठेपर्यंत. रात्रपाळी करून आले तरी अंघोळ उरकून तिला घेऊन वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात जायचे. भातं पोटरीला आलेली असायची, बासमतीचा वास सुटलेला असायचा, आणि बापलेक बांधावर बसून बगळे आणि शराट्या बघायची. मी ओरडायची, जरा झोपा म्हणून. "झोप दुपारी मिळते, बगळे दुपारी मिळत नाहीत," हे ठरलेलं उत्तर. धाकटा झाला तेव्हा जुन्या लुगड्याची झोळी छातीशी बांधून त्यालाही घेऊन निघाले. माझ्या सासूबाईंना वाटायचं, पुरुषमाणसानं असं पोर बांधून गावातून जावं का. ह्यांना त्याचं काही नव्हतं.

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी, मलप्रभेच्या उगमावर बसून ह्यांनी पोरीला नदीची सगळी वाट सांगितली होती. ही इथून पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात थांबते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि ह्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्रात जाते. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मधल्या दगडावर पाऊस पडला तर?" त्या प्रश्नाचा ह्यांना इतका आनंद झाला की घरी येऊन आधी मला सांगितलं, मग तुम्हाला फोन लागेना म्हणून चरफडले, मग दुसऱ्या दिवशी शिफ्टमधल्या सगळ्यांना सांगितलं. दगडाखाली बघितल्याशिवाय हात घालायचा नाही, अस्वलाच्या रानात गप्प नाही तर बोलत चालायचं म्हणजे ते आधीच बाजूला होतं, घरी आल्यावर अंगावर गोचीड बघायची, करवंदाची जाळी सगळी ओरबाडायची नाही, हे सगळं आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं. आणि त्यातलं बरंचसं मूळ तुमचं होतं.

त्या दिवशीचं थोडंच लिहिते. थोरलीला ताप होता म्हणून ती घरी राहिली, नाहीतर बरोबरच असती. तुमच्यासोबत गावाच्या पायवाटेवर असताना ह्यांना छातीत जड वाटायला लागलं, थंडीतही घाम फुटला, आणि हे खाली बसले. आदले काही दिवस डावा हात आणि जबडा दुखतोय म्हणत होते. पित्त असेल म्हणून सोडा प्यायले होते. माझे सासरेही चाळिशीच्या आतच हृदयविकारानं गेले होते. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं की आपल्याकडं हा आजार पुष्कळदा कमी वयातच येतो, आणि घरात आधी कुणाला झाला असेल तर तरुण, काटक माणसानंही तपासून घ्यायला हवं. ह्यांच्या वयाचे जे कोणी हे वाचत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असं काही जाणवलं तर पित्त समजून बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुमच्या नातवानं शाळेत शिकलेलं लक्षात ठेवलं होतं. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभराच्या वर दाबत राहायचं, थांबायचं नाही. तो थकला की दुसरा, दुसरा थकला की पुन्हा तो. एक पोरगा रेंज मिळते त्या टेकडीवर धावला आणि १०८ ला फोन केला. गाडी काही गावापर्यंत येत नाही. पावसाळ्यात तुमच्याकडची बाळंतीण असो की साप चावलेलं माणूस, खांद्यावरूनच डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, हे मी ह्यांच्याकडून नुसतं ऐकलेलं. चिव्याचे दोन बांबू तोडले, घोंगडं बांधलं आणि तुम्ही ह्यांना उचललंत. ओहोळ, साकव, चढ, पुन्हा उतार. वाटेत थांबून पुन्हा पुन्हा छाती दाबत राहिलात. कुणी घरचं नव्हतं त्यात, आणि तरी कुणी बाजूला झालं नाही. ह्यांचे बूट वाटेत निघाले होते. ते तुम्ही उचललेत आणि थेट खानापूरच्या दवाखान्यापर्यंत हातात धरून बसलात. मी पोचले तेव्हा आधी ते बूट दिसले मला, तुमच्या मांडीवर.

फोनवर तुम्ही म्हणाला होता, "बाय, कुणाला तरी संगती घे आणि खानापूरला ये. मी त्याच्याजवळ हाय." मी काय काय विचारत होते, आणि तुम्ही एवढंच परत म्हणालात, "मी त्याच्याजवळ हाय." मामा, वडगावहून खानापूरला येईपर्यंत मी त्या एका वाक्यावर बसून होते. आजही रात्री जाग आली की हेच आधी मनात येतं की ते एकटे नव्हते. यासाठी आभार मानायला मला शब्द सापडत नाही आणि मी आता शोधतही नाही. गाडीचे ड्रायव्हर अण्णा, ज्यांनी मला "अक्का, कुंद्री", म्हणजे बसा, म्हणत खुर्ची आणून दिली, त्यांची ड्यूटी संपली होती तरी माझा भाऊ येईपर्यंत ते थांबले. कुणी त्यांना ओळखत असेल तर माझा नमस्कार सांगा.

पण माझं खरं देणं त्याच्या पुढचं आहे.

नंतर आमच्या घरात रानाचं नाव बंद झालं. दुर्बीण, वही, बूट सगळं मी ट्रंकेत टाकलं. सासूबाई म्हणाल्या, त्या रानानं माझा पोरगा खाल्ला, आता नातवंडांना तिकडं पाऊल टाकू देणार नाही. मला त्यांचं चुकलं असं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. पोटचा मुलगा गेलेल्या बाईनं आणखी काय म्हणावं? पोरगी मात्र गप्प झाली. शिवारात जाऊया का विचारणं तिनं सोडलं. चित्रकलेच्या वहीत घरं काढायला लागली, नुसती घरं.

तेराव्याला तुम्ही आलात. बस बदलत बदलत, काठी टेकत, पिशवीत भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं घेऊन. जेवून उठलात आणि सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसलात. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तुम्ही म्हणालात, "आक्का, रानानं काय केलं न्हाई त्याला. त्याचं काळीज थांबलं. ते घरात बी थांबलं असतं, मशिनीवर बी थांबलं असतं. रानात थांबलं, म्हणून धा माणसं धावली." एवढं बोलून पाणी मागितलंत. पोरांना पाठवा, असं एका शब्दानंही म्हणाला नाहीत. धीर द्यायला माणसं पुष्कळ आली. त्यांनी जे जे सांगितलं ते सगळं विसरले, तुमचं राहिलं. मला वाटतं, तुम्ही कुठलीच समजूत काढली नाहीत म्हणून ते राहिलं. जे झालं ते फक्त सांगितलंत.

पाऊस सरल्यावर सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, "पोरीला एकदा मामाकडं नेऊन आण." मी घाबरतच नेलं. तुम्ही तिला काही दाखवायची घाई केली नाहीत. ती थांबली की थांबलात, ती बसली की बसलात, आणि मला एकदम कळलं की हे पोरीच्या पावलांनी चालणं ह्यांनी कुणाकडून घेतलं होतं. त्या जागेशी आलो तेव्हा माझा जीव वरखाली होत होता, कारण मी ठरवलं होतं की तिला कळू द्यायचं नाही. तुम्ही सरळ सांगितलंत, "हितं तुझा बाबा बसला हुता." तिनं विचारलं, त्याला दुखलं का. तुम्ही म्हणालात, "थोडं दुखलं. मग न्हाई." ती त्या दगडावर बसून बघत राहिली, आणि मग प्रश्नांवर प्रश्न विचारायला लागली. बाबा काय बोलला, कुणी पाणी दिलं, कुठल्या वाटेनं नेलं. इतक्या महिन्यांत तिनं मला एकही विचारला नव्हता. तुम्ही सगळ्यांची उत्तरं दिलीत, एकही टाळलं नाहीत. परतताना वर झाडात शेकरू उड्या मारत गेलं, तशी ती अशी ओरडली की तुमच्या नातीनं तिचं तोंड दाबलं.

तेव्हापासून ती पुन्हा जाते. सासूबाईच डबा भरून देतात, आणि धाकट्याला ह्यांची दुर्बीण गळ्यात घालून सोडतात. ट्रंकेतली वही आता पोरीच्या दप्तरात असते. बापाच्या अक्षराखाली ती आपल्या अक्षरात लिहिते, तारीख घालून, आणि झाडाचं नाव येत नसलं तर "मामांना विचारणे" असं.

आता कामाचं. मागल्या खेपेला तुम्ही म्हणाला होता की घोंगड्याच्या झोळीत माणसाची पाठ वाकते, आणि उतारावर सगळा भार पुढच्यांवर येतो. ते मी ह्यांच्या शिफ्टमधल्या मित्रांना सांगितलं. तुम्ही साकवाची रुंदी काठीवर खूण करून पाठवलीत, तीच काठी समोर ठेवून त्यांनी अॅल्युमिनियमच्या पाइपांचं घडीचं स्ट्रेचर केलंय. खांद्यावर घ्यायला रुंद पट्टे आहेत, माणूस घसरू नये म्हणून छातीला आणि गुडघ्याला पट्टे आहेत, आणि घडी घातली की एका माणसाला पाठीवर नेता येतं. सुट्टीच्या दिवशी येऊन केलं सगळ्यांनी, मालाचे पैसेही आपसांत काढले. माझी एक नर्स मैत्रीण सोबत येतेय. छाती कशी दाबायची ते ती गावातल्या सगळ्यांना शिकवेल, बायकांनाही. तुमच्या नातवानं तिच्याशेजारी उभं राहून दाखवावं अशी माझी फार इच्छा आहे.

पुढच्या रविवारी येतोय. भाकरी आणि भाजी आम्ही बांधून आणतो, तुम्ही जेवणाचं काही करू नका, आंबील तेवढी असू दे. डांबरी रस्त्यावर सामान उचलायला चार माणसं पाठवा. आणि नातीला टेकडीवर चढून मला एक फोन करायला सांगा, म्हणजे किती जणांच्या भाकऱ्या थापायच्या ते सासूबाईंना सांगता येईल.

तुमची,
थोरलीची आणि धाकट्याची आई
वडगाव, बेळगाव