काकू, अर्ध्यावरच्या फुल्या पुढे सरकल्या

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तुळशीबागेच्या बोळातल्या तुमच्या दुकानातून भरतकामाच्या दोऱ्याची लच्छी घेऊन निघालेली बाई लच्छीबरोबर आणखी काहीतरी घेऊन जाते आणि त्याचे पैसे तुम्ही कधी लावत नाही. हे पत्र त्याबद्दल. उघडं अशासाठी, की तुमचं सांगणं नेहमी मध्येच तुटतं. कुणी "फॉलचा रंग दाखवा" म्हटलं, की सुईची गोष्ट तिथेच राहते. ते तुटके तुकडे आम्ही एकत्र केलेत. कुणाच्या कपाटात क्रॉस स्टिचचं, म्हणजे फुल्या-फुल्यांच्या भरतकामाचं, अर्धवट कापड घडी घालून पडलं असेल, तर तिच्याही कामी येतील.

पहिले आभार एका वाक्याचे. "उचलायला जड जातं म्हणून राहतं गं ते, वेळेचं नाव उगाच." खरंच आहे. वीस मिनिटं कुठल्याही घरात सापडतात. कुकरच्या तीन शिट्ट्या, मुलांचा क्लास सुटायची वाट, जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीपुढे बसतात तेव्हाची. पण त्यातली बारा मिनिटं "मी नक्षीच्या कुठल्या घरात होते, हा राखाडी की तो राखाडी, कात्री कुणी नेली" यातच गेली, तर उरलेल्या आठात सुई ओवायचाही कंटाळा येतो. म्हणून तुमचा सगळा भर काम बंद कसं करायचं यावर असतो.

त्यातून तुमचं माप आलं : एक दोरा, एक बैठक. हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे, आणि तो तुम्ही बिलाच्या मागच्या बाजूला करून दाखवता. १४ काउंटच्या आयडा कापडावर, म्हणजे चौकोनी घरं विणलेल्या भरतकामाच्या कापडावर, एका इंचात १४ घरं. एक घर साधारण १.८ मिलिमीटर. एका फुलीला पुढून दोन तिरपे टाके आणि मागून दोन उभे, म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर दोरा. ४५ सेंटिमीटरचा दुहेरी दोरा घेतला, त्यातला नेढ्याजवळचा आणि शेवटी दडवायचा भाग सोडला, की ३५ सेंटिमीटर कामाचा उरतो. त्यात ३५ ते ४० फुल्या होतात. हात बसलेला असेल, तर वीस मिनिटांत त्या सहज होतात. म्हणून घड्याळाकडे बघायचं नाही. दोरा संपला की काम ठेवायचं. मध्येच कुणी हाक मारली तरी "हा दोरा संपवून आले" एवढं म्हणता येतं. ते घरच्यांना कळतं आणि पटतंही, कारण त्याला शेवट दिसतो.

चित्राचाही हिशेब याच मापाने. १४० बाय ११२ घरांचं चित्र १४ काउंटवर १० बाय ८ इंच होतं. एकूण घरं १५,६८०. निम्मी जागा मोकळी असेल, तर ७,८४० फुल्या; दोऱ्याला ४० धरल्या, तर १९६ दोरे. "अजून अर्धं मोराचं पीस" म्हटलं की छातीत धडकी भरते. "अजून २२ दोरे" म्हटलं की पुढच्या महिन्याच्या आत संपणारं काम दिसतं.

सुरुवातीची गाठ आमच्या हातून तुम्हीच सोडवलीत, तीही शब्दशः. सहा पदरी धाग्यातून एकच पदर ९० सेंटिमीटर कापायचा, मधोमध दुमडायचा आणि दोन्ही मोकळी टोकं एकत्र नेढ्यात ओवायची. मागे फासा राहतो. सुई खालून वर काढायची, तिरपी खाली घालायची, मागच्या बाजूला त्या फाशातून सुई नेऊन हळूच ओढायचं. बस. गाठ नाही, उंचवटा नाही, आणि चौकटीत बसवताना कापडाला फोड येत नाही. हे फक्त दोन, चार अशा सम पदरांना चालतं, आणि छटा बदलत जाणाऱ्या धाग्याला चालत नाही, कारण दुमडल्यावर दोन वेगळ्या छटा शेजारी येतात. पदर काढताना एकेकच ओढायचा. दोन एकदम ओढले की उरलेले चार मुटका करून बसतात.

सुई बोथट टोकाची. १४ काउंटला २४ नंबर, १६ आणि १८ ला २६. टोकदार सुई कापडाच्या भोकातून न जाता सुताला चिरत जाते, मग फुलीचे कोपरे हलतात. दहा-बारा टाक्यांनी सुई सोडून द्यायची, ती आपोआप गरगर फिरून पीळ उलगडते. दोन पदर शेजारी शेजारी सपाट बसले की फुली भरलेली दिसते. पिळलेल्या दोऱ्याची फुली बारीक दिसते आणि तिच्या कडेने पांढरं कापड डोकावतं. तुम्ही भिंगातून दोन्ही शेजारी दाखवलेत ते बरं झालं. एरवी "माझी नक्षी विरळ का दिसते" याचं खापर आम्ही कापडावरच फोडत राहिलो असतो.

जुनं काम पुन्हा हातात घेताना पहिला टाका घालायची घाई करायची नाही, हे तुमचं दुसरं मोठं देणं. आधी कापड खिडकीशी धरून बघायचं. सुई टोचूनच ठेवली होती का? आपल्याकडच्या पावसाळ्यात ती गंजते, आणि गंजाचा तपकिरी ठिपका साबणाने जात नाही. कापड ताणून धरणारी रिंग लावूनच ठेवली होती का? तिचं वर्तुळ ताजं असेल तर ओलाव्याने जातं. वर्षभराचं असेल, तर तिथे मळ धरलेला असतो आणि तो निघेलच असं नाही. मग मोजणी. झालेल्या कामातली ओळखू येणारी एक खूण धरायची, पानाचं टोक किंवा किनारीचा कोपरा, आणि तिथून पुढच्या घरापर्यंत दोन वेगवेगळ्या दिशांनी मोजायचं. दोन्ही मोजण्या जुळल्या तरच पुढे जायचं. मॅटी कापड असेल तर इंचात उभी घरं किती आणि आडवी किती, हेही बघायचं. साध्या मॅटीत ती सारखी नसली तर गोल फूल लांबट होतं. मग तेच कापड शेवटपर्यंत त्याच दिशेने धरावं लागतं.

उरलेल्या भागात दर दहा घरांवर शिलाईच्या फिक्या, गुळगुळीत दोऱ्याचा धावदोरा घालायचा : पाच घरं वर, पाच घरं खाली, म्हणजे पाचाचीही मोजणी आपोआप होते. एवढ्याने निम्म्या चुका टळतात. फुली घालताना या दोऱ्यात सुई घुसू द्यायची नाही, नाहीतर तो नंतर निघत नाही. पेनाने रेघा मारायच्या असतील, तर पाण्याने जाणाऱ्या पेनाच्याच, आणि त्या पूर्ण धुऊन गेल्याशिवाय इस्त्री लावायची नाही. उष्णतेने खूण पक्की होऊ शकते. उष्णतेने जाणारी पेनं तर आणखी फसवी : इस्त्रीने रेघ गेली असं वाटतं आणि थंडीत ती परत उमटू शकते.

एका घराची चूक सापडली तर? इथे तुम्ही कुणालाच सरसकट उसवायला लावत नाही, आणि त्याबद्दल आम्ही मनापासून ऋणी आहोत. पानाच्या मोकळ्या कडेला एक फुली जास्त झाली, तर पानच तेवढं रुंद. पण चौकटीच्या किनारीत, भौमितिक नक्षीत किंवा चेहऱ्याच्या डोळ्यात चूक असेल, तर उसवायचंच, कारण किनारीतलं एक घर चौथ्या कोपऱ्यात हमखास भेटतं. पाच-सात फुल्या असतील तर सुईने उलट जाता येतं. जास्त असतील, तर पुढच्या बाजूने वरचे टाके बारीक कात्रीने मधोमध कापायचे, मागून चिमट्याने ओढायचे, आणि कापडात अडकलेले गडद तंतू सेलोटेपने उचलायचे. निघालेला दोरा पुन्हा वापरायचा नाही. तो विस्कटलेला असतो.

रंगांचं सांगणं आम्ही आधी कानामागे टाकलं, हे कबूल. लच्छीवरची कागदी पट्टी फेकली की नंबर गेला. म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद, त्याला पंचने भोकं, प्रत्येक भोकात एक रंग, शेजारी नंबर आणि चार्टवरची, म्हणजे नक्षीच्या कागदावरची, खूण. अँकर कंपनीचा काळा ४०३, डीएमसी कंपनीचा ३१०. काळ्यापुरतं एकाऐवजी दुसरं चालून जातं. बाकीच्या रंगांत दोन कंपन्यांची जुळवणी अंदाजाचीच असते. एकाच पाकळीत अर्धी एकाची, अर्धी दुसऱ्याची आली, की दिवसाच्या उजेडात पाकळीवर ठिगळ दिसतं. कंपनी बदलायचीच तर रंगाच्या सीमेवर बदला. तीच कंपनी, तोच नंबर, पण जुनी लच्छी उजेडात पडून फिकी झालेली असेल, तर दोन-तीन ओळी एक पदर जुना आणि एक पदर नवा घेऊन भरायच्या, फरक विरघळतो. (इथे फाशाची युक्ती चालत नाही, पदर दोन वेगळे असतात. टोक आधीच्या टाक्यांखाली दडवावं लागतं.) आणि आकाशासारखा मोठा एकरंगी भाग असेल तर लच्छ्या आधीच मोजून एकदम घ्यायच्या. आठ मीटरच्या लच्छीत एकेरी पदर ४८ मीटर, म्हणजे साधारण ५३ दोरे, म्हणजे १,८५० ते २,१०० फुल्या.

घरातल्या माणसांबद्दल तुम्ही जे सांगता ते कुठल्याही चार्टवर लिहिलेलं नसतं. मुलीलाही चार फुल्या घालायच्या असतात, सासूबाईंनाही. तेव्हा समासात, चित्राच्या बाहेर, नमुन्याची एक मोठी फुली घालून ठेवायची : खालचा टाका असा, वरचा असा. सगळ्या फुल्यांचे वरचे टाके एकाच दिशेला झुकले पाहिजेत. एखादा उलटा पडला की तिथे उजेड वेगळा चमकतो आणि डोळा तिथेच जातो. असं बहुतेक वेळा कापड फिरवल्यामुळे होतं. अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरवलं तर काही बिघडत नाही. पाव फेरा फिरवलं की दिशा उलटते. दुसऱ्या हाताची ओढ सैल किंवा घट्ट असते, ती बदलायला जाऊ नये; तिला एक अख्खं फूल द्यावं, म्हणजे फरक फुलाच्या कडेवरच थांबतो. आजीचं राहिलेलं काम नातीने पुढे नेतानाही हेच.

कामाची वाटणीही तुमचीच. टीव्हीपुढे एकरंगी भराव. विखुरलेल्या फुल्या, जिथे दर तीन घरांनी रंग बदलतो, त्या दुपारच्या शांततेत. गडद निळा, काळा आणि गडद जांभळा दिवसाच करायचे, कारण पिवळ्या दिव्याखाली ते तिघे सख्खे भाऊ दिसतात. काळ्या कापडावर काम असेल, तर मांडीवर पांढरा पंचा. खालून भोकं उजळतात. बॅकस्टिच, म्हणजे कडेच्या रेघेचा टाका, सगळ्यात शेवटी. गडद दोरा मागून चार-पाच घरांपेक्षा लांब न्यायचा नाही, तो पुढून सावलीसारखा दिसतो. तुमच्या धारवाडकडच्या कसुती भरतकामाचा दाखला तुम्ही इथेच देता : गवंती टाका उलट-सुलट सारखाच, गाठीला जागाच नाही. आमची उलटी बाजू तितकी देखणी होणार नाही, पण आता ती कुणापासून लपवावी लागत नाही.

बैठक मोडताना काय करायचं, ते तर पाठ झालंय. दोरा मागे चार-पाच टाक्यांखालून काढून कापायचा. पुढच्या घराच्या कोपऱ्यात भडक शिलाई दोऱ्याचा एक सैल टाका. चार्टच्या झेरॉक्सवर झालेली घरं पिवळी. मूळ कागदाला हात नाही. पुढची सुई आत्ताच ओवून फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचायची, शक्यतो दोन. रिंग काढायची. सुया मोजायच्या, कारण घरात रांगणारं मूल असू शकतं. सगळं एकाच पिशवीत. साडीची चेनवाली पिशवी आठ महिने उत्तम. पावसाळ्यात सुती, नाहीतर आत दमट राहून कापडाला वास धरतो. एवढ्याला तीन मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडल्यापासून पहिल्या टाक्यापर्यंत एक मिनिटही लागत नाही.

स्वयंपाकघराशेजारचं काम, तेव्हा हळद लागणारच. साबण लावल्यावर डाग लालभडक होतो आणि पोटात गोळा येतो. "घाबरू नका, साबणाच्या खाराने होतं ते." स्वच्छ धुऊन तेवढीच जागा उन्हात धरायची, भरलेल्या भागावर जाड फडकं झाकून, हळदीचा पिवळा उन्हात उडतो. काम पूर्ण झाल्यावरची धुलाई गार पाण्यात, सौम्य साबणाने. लाल दोऱ्याचा रंग उतरायला लागला, तर कापड वाळू द्यायचं नाही, पाणी स्वच्छ येईपर्यंत गार पाण्याखालीच धरायचं. पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं, आणि थोडं ओलसर असतानाच जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री.

शेवटचे आभार परवानगीचे. प्रत्येक अर्धवट कापड पूर्ण झालंच पाहिजे असं तुम्ही मानत नाही. वीस बाय वीस इंचांचा देखावा ज्याला आता कुणी भिंतीवर लावणार नाही, त्यातलं पूर्ण झालेलं एक फूल कापायचं, कडेला इस्त्रीचं चिकट अस्तर लावायचं, आणि त्याची सुईदाणी किंवा पिशवीचा खिसा करायचा. उरलेल्या लच्छ्या पत्रिकेच्या कागदावर परत. दोन कामं अशी मोकळी झाली की तिसऱ्यावर हात चालतो.

४०३ च्या दोन लच्छ्या आणि २४ नंबरच्या सुयांचं एक पाकीट बाजूला ठेवा, शनिवारी येतो. फोड आलेली एक चौकट घेऊन येतोय. गाठी कुणाच्या आहेत ते विचारू नका.

तुमच्या,
काउंटरपाशी गर्दी करून उभ्या राहणाऱ्या आम्ही सगळ्या