काका, गिअरबॉक्स जागेवरच आहे

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि काकूंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे लेखी, आणि चारचौघांत. तुमचं नाव मात्र घालत नाही. घातलं तर मिशिगनमधले जुन्या गाड्यांचे निम्मे हौशी लोक तुमच्या गराजसमोर रांग लावतील आणि काकू मला घरात घेणार नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आमच्याकडे १९६७ ची पाँटिॲक जीटीओ ही अमेरिकन गाडी आहे. चारशे घनइंचाचं व्ही-एट इंजिन, कंपनीच्या कागदावर ३३५ अश्वशक्ती, आणि त्यामागे टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. गाडी घेतली तेव्हाच तो थकलेला होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मागे राहायची. तेलाची काडी काढून बघितली तर तेल काळपट, वास जळका. गिअरबॉक्स खोलावा लागणार हे उघड होतं. खोलायचाच आहे तर काढूनच टाकू आणि फोर-स्पीड मॅन्युअल बसवू, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

या मंडळींत हा विचार कुणाला पटवून द्यावा लागत नाही. मॅन्युअल म्हणजे सोवळं, ऑटोमॅटिक म्हणजे ओवळं. त्यात बाई चालवतेय आणि गाडी ऑटोमॅटिक आहे असं दिसलं की काही पुरुषांच्या चेहऱ्यावर जे समजूतदार हसू येतं, ते मला सोसत नाही. हे कारण मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. तुम्ही ते ओळखलं असणारच.

ट्रान्समिशन टेस्टिंगमध्ये उभा जन्म गेलेला माणूस पाच मिनिटांत निकाल सांगेल, अशी माझी कल्पना होती. तुम्ही उलट मलाच विचारत बसलात. गाडी कुठे चालवणार? कोण कोण चालवणार? मागचा एक्सल किती रेशोचा आहे? आणि कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हिच्यात काय होतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळालं. पाँटिॲकच्या मूळ बिलांच्या नोंदी पीएचएसकडे, म्हणजे पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे, आहेत, तिथून प्रत मागव असं तुम्हीच सांगितलंत. प्रत आली. गाडी ऑटोमॅटिक म्हणूनच विकली गेली होती, कन्सोलसकट. "फोर-स्पीड असती तर तुला ऑटोमॅटिकचं नावसुद्धा काढू दिलं नसतं," हे तुमचं वाक्य. मूळचा मन्सी गिअरबॉक्स असलेली गाडी तशीच ठेवावी आणि मूळची ऑटोमॅटिकही उगाच बदलू नये, विकायच्या वेळी लोक हेच आधी तपासतात, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. मन्सी हे इंडियानातलं गाव, तिथल्या कारखान्यात तो फोर-स्पीड बनायचा, म्हणून त्याला गावाचंच नाव, हेही त्या ओघात कळलं.

कन्सोलवरून आठवलं. त्या वर्षीच्या ऑटोमॅटिक जीटीओत कन्सोल घेतला की हर्स्ट कंपनीचा ड्युअल-गेट शिफ्टर यायचा. डावीकडची खाच नेहमीच्या ऑटोमॅटिकची. दांडा उजव्या खाचेत सरकवला की एका वेळी एकच गिअर वर चढतो, हात घाईत पुढे गेला तरी मधला गिअर चुकत नाही. जाहिरातीत याला 'हिज अँड हर्स' म्हणायचे. उजवी खाच साहेबांची, डावी बाईसाहेबांची! मी हे वाचून संतापले, तुम्ही पोट धरून हसलात. "मग तू उजवीकडचीच वापर," म्हणालात. तीच वापरते.

जीटीओच्या ऑटोमॅटिकला वाईट नाव पडलं त्यालाही कारण आहे, हे तुमच्यामुळे समजलं. १९६४ ते ६६ च्या जीटीओंत ऑटोमॅटिक घेतला तर दोनच गिअर मिळायचे. एवढ्या ताकदीच्या इंजिनामागे दोन गिअर, मग लोकांनी नाकं मुरडली तर नवल काय? १९६७ ला त्या जागी तीन गिअरचा टर्बो ४०० आला. तो चांगलाच दणकट निघाला, पण जुनं नाव चिकटलं ते चिकटलंच.

पण माझं मन खरं वळलं ते तुमच्या हिशेबामुळे. पाकिटाच्या पाठीवर तुम्ही मांडलात तो कागद मी जपून ठेवलाय. वाइड-रेशो (गिअरमधलं अंतर जास्त असलेल्या) मन्सीचा पहिला गिअर २.५२, टर्बो ४०० चा २.४८. आमच्या एक्सलने, म्हणजे ३.५५ ने गुणलं तर एकीकडे ८.९५, दुसरीकडे ८.८०. फरक नावापुरता. त्यात ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टरची मदत. इंजिनाकडचं चाक तेल फेकतं, गिअरबॉक्सकडचं ते झेलतं, मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, आणि गाडी जागची हलताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. हे तुम्ही मला फळीवरचा जुना कन्व्हर्टर हातात देऊन सांगितलंत. तो चांगलाच जड होता, आणि तुम्ही बोलणं आवरतं घेत नव्हता. शिवाय हे इंजिन मिनिटाला ३,४०० फेऱ्यांनाच ४४१ पाउंड-फूट टॉर्क देतं. अशा इंजिनाला सारखे गिअर बदलून चेतवावं लागत नाही.

आणि मग हायवे. मला वाटत होतं की चौथा गिअर आला की इंजिन शांत होईल. तुम्ही दोन्ही गिअरबॉक्सच्या शेवटच्या गिअरचा आकडा लिहिलात. मन्सीचा चौथा १.००, टर्बो ४०० चा तिसरा १.००. ताशी ७० मैलांना, २६ इंची टायरवर, दोन्हीकडे इंजिन सुमारे ३,२०० फेऱ्यांवर ओरडत राहणार. एवढा खर्च करून कानाला काडीचा आराम नाही. हे इतकं साधं आहे, पण 'मॅन्युअल घे' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला सांगितलं नव्हतं.

ऑटोमॅटिकची तुम्ही नुसती तरफदारीही केली नाहीत. टर्बो ४०० फिरवायलाच इंजिनाची ताकद जास्त खर्च होते, कन्व्हर्टर थोडा घसरतच राहतो आणि त्याची उष्णता तेलात उतरते, कूलर लावल्याशिवाय लांबच्या रस्त्यावर जाऊ नकोस, हे सगळं बजावलंत. कुणी मोठा कॅमशाफ्ट बसवला असेल तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिनाचा व्हॅक्यूम कमी पडतो, मग जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त फेऱ्यांवर पकडणारा, कन्व्हर्टर लागतो, हेही. वळणावळणाच्या, मोकळ्या रस्त्यांवर मजेसाठीच गाडी काढणार असतीस तर ट्रेमेकचा फाइव्ह-स्पीड घे म्हणालो असतो, असंही म्हणालात. त्याचा पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह असतो, त्यामुळे वर सांगितलेली ओरड आपोआप संपते.

कुठे चालवणार याचं माझं उत्तर होतं डेट्रॉइटहून निघणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू. तुम्ही काही बोलला नाहीत. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी तुमच्या मित्राची फोर-स्पीड गाडी माझ्या हातात दिलीत आणि फर्नडेलहून पाँटिॲक शहराच्या दिशेने निघायला सांगितलंत. तिसऱ्या शनिवारचा ड्रीम क्रूझ, म्हणजे या रस्त्यावरचा जुन्या गाड्यांचा मेळा, अजून यायचा होता, तरी रस्ता जुन्या गाड्यांनी भरलेला. चार फूट पुढे, थांबा, पुन्हा चार फूट. क्लच असा की डावी मांडी थरथरायला लागली. मी कराडला बाबांच्या पद्मिनीवर गाडी शिकले, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेल्या. क्लच माझ्यासाठी कधीच पराक्रम नव्हता, तो बाजारात जायचा रोजचा उद्योग होता. इथे जन्मलेल्यांना क्लचचं जे अप्रूप आहे ते मला नाही, हे त्या सिग्नलवर उभी असताना लख्ख कळलं. परत आल्यावर तुम्ही फक्त "कसं वाटलं?" विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता आयोडेक्स आणायला आत गेलात.

एका दुकानाने मॅन्युअल बसवण्याचा अंदाज आधीच दिला होता. तुम्ही चष्मा लावून तो वाचलात आणि त्यात काय काय नाही ते बाजूला लिहीत गेलात. पेडलचा जोड, क्लचची झेड-बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा दांडा), बेलहाउसिंग, फ्लायव्हील हे त्यांनी धरलं होतं. प्रॉपेलर शाफ्टची लांबी धरली नव्हती. दांड्यासाठी फ्लोअर कापणं धरलं नव्हतं. क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बुश, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारी छोटी बुश, बसायला हवी, आणि काही ऑटोमॅटिक गाड्यांच्या क्रँकला ते भोक पुरतं पाडलेलंच नसतं, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बेलहाउसिंग मध्यावर बसलंय का हे डायल लावून बघणार का, फरक पाच थाऊच्या (इंचाच्या पाच हजारांशांच्या) आत आहे का, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

तर टर्बो ४०० रीबिल्ड केला. पण आभार खरे मानायचे आहेत ते त्यानंतरच्या रविवारचे. रीबिल्डनंतर गाडी गिअर उशिरा टाकू लागली, आणि टाकताना धक्का द्यायची. ज्यांनी काम केलं ते म्हणाले, आणा, परत उतरवतो, मजुरी वेगळी. तुम्ही गाडीखाली कार्डबोर्ड टाकून आडवे झालात. या वयात. व्हॅक्यूम मॉड्युलेटरची नळी काढलीत, आत तेल आलंय का बघितलंत. तेल नव्हतं, म्हणजे मॉड्युलेटरचा पडदा शाबूत. मग गेज लावलात. व्हॅक्यूम पोचतच नव्हता. जोडाजवळचा बोटभर लांबीचा रबरी तुकडा चिरलेला होता. इंजिनावर भार आहे की नाही हे गिअरबॉक्सला त्या नळीतूनच समजतं. व्हॅक्यूम गेला की त्याला वाटतं, बाईंनी पाय दाबून ठेवलाय, म्हणून तो दाब वाढवतो आणि गिअर लांबवतो. नवा तुकडा लावला, आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली. तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि नळीचे पैसे तरी घ्या म्हटल्यावर रागावलात.

एका गोष्टीवर आपलं अजून जमत नाही. मला पुढेमागे २००-४आर हा गिअरबॉक्स बसवायचा आहे. ऑटोमॅटिकच, पण चौथा गिअर ०.६७ चा. म्हणजे ७० मैलांना ३,२०० ऐवजी साधारण २,१५० फेऱ्या, आणि कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे घसरणं थांबतं. पाँटिॲकच्या इंजिनाला तो थेट बसतो, कारण त्याच्या पुढच्या बाजूला दोन्ही प्रकारची भोकं असतात, शेव्हरलेची आणि ब्यूइक-ओल्ड्समोबिल-पाँटिॲकचीही. टर्बो ४०० झाकून फळीवर ठेवता येईल, विकायच्या वेळी तो हाताशी असेलच. तुम्ही म्हणता, तो मुळात एवढ्या टॉर्कसाठी केलेला नाही आणि टीव्ही केबल (थ्रॉटलशी जोडलेली, गिअरबॉक्सचा दाब ठरवणारी वायर) जरा चुकली की आतल्या प्लेटा जळतात. मान्य. पण ब्यूइक ग्रँड नॅशनलसारख्या ताकदवान गाडीत तोच होता ना? तुम्ही 'हं' म्हणालात आणि विषय बदललात. तो 'हं' मी माझ्या बाजूने धरते आहे.

तुमचा व्हॅक्यूम गेज अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देते, त्याच वेळी २००-४आर वर भांडू. काकूंना सांगा, चहा मी करीन.

तुमची,
जीटीओवाली