माइक, घाई आणि कागद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नेत्यांनी वक्तृत्वाचे धडे घ्यावेत, असे सुचवणारे पत्र आपल्या सदरात वाचले. घ्यावेत, जरूर घ्यावेत. पण सभांना ध्वनिक्षेपक लावण्यात माझी तीस वर्षे गेली. व्यासपीठामागून इतकी भाषणे ऐकल्यावर मला वाटते, भाषण उच्चारांपेक्षा घाईने जास्त बिघडते.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानात शंभर मीटरवर लावलेल्या कर्ण्याखाली उभे राहून बघा. वक्त्याचा शब्द आधी डोक्यावरच्या कर्ण्यातून येतो आणि व्यासपीठाजवळच्या कर्ण्यातून तोच शब्द पाव सेकंदाहून थोडा उशिरा पुन्हा येतो. तेवढ्यात भरधाव बोलणारा दोन अक्षरे पुढे गेलेला असतो. मागच्या रांगांना ऐकू येतो तो नुसता कालवा, आणि मग लोक उठून का जातात याची चर्चा होते! वाक्य संपल्यावर क्षणभर थांबले तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरे ओरडणे. टाळी पडली की पट्टी चढते, आवाज फाटतो. मी बटण खाली आणतो. साहेबांना वाटते माइक गेला, ते आणखी ओरडतात. अर्धा तास आमचा हा खेळ चालतो आणि घसा बसतो त्यांचा. मार्गारेट थॅचर यांनी पंतप्रधान होण्याआधी शिकवणी लावून आपली पट्टी खाली आणली होती. त्यात कमीपणा कसला?

कागद बघून बोलण्याला मात्र उगाच नावे ठेवतात. चर्चिल १९०४ साली ब्रिटिश संसदेत पाठांतराच्या भरवशावर बोलत होते. मध्येच धागा सुटला तो सापडेना, शेवटी खाली बसावे लागले. पुढे ते टिपणे जवळ ठेवू लागले, तीही कवितेसारख्या तुटक ओळींत. श्वास कुठे घ्यायचा, ते कागदच सांगे. माझ्या पाहण्यातले कागद बहुधा दुसऱ्याने लिहिलेले, बारीक टाइपात कडेपासून कडेपर्यंत भरलेले. वक्ता तो कागद पहिल्यांदा नीट पाहतो तोच माइकसमोर. मान वर निघणार कशी?

जागा असल्यास एवढेही छापावे: माइकवर टकटक करू नये, फुंकर मारू नये. सरळ बोलायला लागावे. चालू आहे की नाही, ते आम्ही बघतो.

आपला,
एक ध्वनिक्षेपकवाला