यवतेश्वरचा कडा दाखवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

कृतानेक नमस्कार. हे पत्र दोन घरे ओलांडून हाती देता आले असते. पण ते सर्वांसमोर लिहायचे मी मुद्दाम ठरवले. गेमसाठी डोंगरदऱ्या तयार करताना जिथे मी अनेक महिने अडून बसलो होतो, तिथली वाट पाटबंधारे खात्यात आयुष्यभर लेव्हल (जमिनीच्या उंचीची मोजमापे) घेतलेल्या माणसाने दाखवली, हे माझ्यासारखे काम करणाऱ्या इतरांनाही कळावे असे वाटते.

साताऱ्याहून कासकडे चढणारा घाट, यवतेश्वरचा माथा आणि त्यामागचे पठार असा देखावा मी युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लो-पॉली, म्हणजे मोजक्या सपाट त्रिकोणांतून आकार घडवण्याच्या पद्धतीने करत होतो. १२८ बाय १२८ चौकोनांची जाळी घेऊन तिला पर्लिन नॉइजने, म्हणजे सलग चढउतार देणाऱ्या यादृच्छिक आकड्यांनी, उंची दिली होती. आपण चष्मा कपाळावर सारून बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलेत आणि म्हणालात, “हा डोंगर आपल्याकडचा नाही. आपल्याकडं डोंगराला पायऱ्या असतात.” मग लाव्ह्याचे थर एकावर एक कसे साचले, त्यांतल्या कठीण थरांचे उभे कडे कसे राहिले, ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार कसे झाले आणि सर्वांत वर जांभ्याचा सपाट सडा का उरला, हे आपण समजावून सांगितलेत. नॉइजमधून येणाऱ्या टेकड्या चहूकडून सारख्याच गोल असतात. त्यांत आपला सह्याद्री येणार तरी कसा?

माझी दुसरी अडचण तांत्रिक होती. शेजारचे त्रिकोण एकच व्हर्टेक्स (कोपऱ्याचा बिंदू) वाटून घेतात तेव्हा त्या बिंदूवरच्या नॉर्मलची, म्हणजे पृष्ठभागाचे तोंड कुठे आहे हे सांगणाऱ्या दिशेची, सरासरी होते आणि कडा मेणासारखा गुळगुळीत दिसतो. फ्लॅट शेडिंगसाठी, म्हणजे एका त्रिकोणावर एकच छटा दिसावी यासाठी, मी प्रत्येक त्रिकोणाला स्वतःचे तीन व्हर्टेक्स दिले. चौकोनामागे दोन या हिशेबाने ३२,७६८ त्रिकोण, म्हणजे ९८,३०४ व्हर्टेक्स झाले. युनिटीतल्या मेशचा (त्रिकोणांच्या जाळीचा) इंडेक्स, म्हणजे व्हर्टेक्सचा अनुक्रमांक, मुद्दाम बदलला नाही तर १६ बिटांचा असतो आणि त्यात ६५,५३५ च्या पुढचे व्हर्टेक्स मावत नाहीत, त्यामुळे माझा डोंगर अर्ध्यातच फाटला. इंडेक्स ३२ बिटांचा करून तो सांधता आला, पण इतके त्रिकोण खर्चूनही कड्याची धार कुठेच नेमकी येत नव्हती, कारण ती जाळीच्या दोन बिंदूंच्या मधून जात होती.

त्या दिवशी आपण लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे पेन्सिलीने काढलेली आकृती मी जपून ठेवली आहे. तिच्यात माथ्याची आडवी रेघ, कड्याची जवळजवळ उभी रेघ आणि खाली पसरत गेलेला उतार आहे. रेघ जिथे जिथे वळते, तिथे आपण एक ठळक ठिपका दिला आहे. “जमीन जिथं मोडते तिथं रीडिंग घ्यायचं. मधल्या सरळ उताराला दहा रीडिंग घेऊन काय मिळणार?” हे आपले शब्द. त्यानंतर मी ठराविक अंतराची जाळी सोडून दिली आणि सड्याची कड, कड्याचा पायथा, ओढ्याचा तळ अशा मोडांवर सुमारे १,४०० बिंदू घेऊन त्यांची डेलोने पद्धतीने, म्हणजे त्रिकोण शक्य तितके कमी निमुळते राहतील अशी, त्रिकोण-जोडणी केली. आता संपूर्ण देखाव्यात २,८०० पेक्षा कमी त्रिकोण आहेत आणि तरीही ‘चार भिंती’ या साताऱ्यातल्या ठिकाणावरून रोज दिसणारा यवतेश्वर पाहताक्षणी ओळखू येतो.

या जोडणीत दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा आपणच सावरलेत. पहिल्यांदा काही त्रिकोण कड्याची धार ओलांडून आडवे गेले आणि धारेला दातरे पडले. धारेवरचे बिंदू आधी रेषेने बांधून घ्यायचे आणि ती रेषा कोणत्याही त्रिकोणाने कापायची नाही, हा नियम आपण सांगितलात. दुसऱ्यांदा कड्याचा माथा आणि पायथा नकाशात एकाच जागी ठेवल्यामुळे तिथले त्रिकोणच नाहीसे झाले होते. कडा कितीही उभा असला तरी त्याचा पायथा थोडा पुढे असतोच, हे आपण सांगितल्यावर मी ते अंतर ठेवले. मोजणीच्या त्रिकोणात ३० अंशांहून लहान कोन येऊ देत नाहीत, असेही आपण सहज बोलून गेलात. सपाट भागात दिसणाऱ्या सुयांसारख्या त्रिकोणांचे कारण मला तेव्हा उमगले.

रंग मी उतारावरून ठरवतो. त्रिकोणाचा उतार ६० अंशांहून अधिक असेल तर काळा कातळ, त्याहून कमी असेल तर गवत, आणि माथ्यावर जांभ्याचा तांबूस रंग. प्रकाशाचे मात्र आपल्यासोबत चार भिंतीवर सकाळी उभे राहिल्यावरच कळले. उगवतीचे ऊन समोरच्या कड्यावर थेट पडते म्हणून कडा उजळतो आणि माथ्यावरचा सडा फिकाच राहतो. दुपारी सडा तळपतो आणि कडा काळवंडतो. एका त्रिकोणाला एकच छटा मिळत असल्यामुळे हा बदल फ्लॅट शेडिंगमध्ये फार स्पष्ट दिसतो, आणि गेममधला सूर्य सरकवताना तो पाहत बसण्यात माझी कित्येक संध्याकाळ गेली आहे.

आपण आपले रविवार मला दिलेत, एकच प्रश्न तीनदा विचारला तरी कंटाळला नाहीत, आणि संगणकाचे हे काम आपल्याला परके आहे असे एकदाही म्हणाला नाहीत. याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आता कासच्या तलावाचा काठ घ्यायचा आहे. पाणी जिथे जमिनीला लागते ती रेषा आधी बांधायची की तळाचे बिंदू आधी घ्यायचे, हे विचारायला येत्या रविवारी सकाळी येतो. पाकीट बरोबर आणीन, त्याची एक बाजू अजून कोरी आहे.

आपला कृतज्ञ,
शेजारचा मुलगा
सातारा