गोवा पुरवणीतला फोटो आणि से कॅथेड्रल

संपादक महोदय,

रविवारच्या गोवा पुरवणीत 'से कॅथेड्रल' नाव देऊन जो लाल दगडाचा फोटो छापलाय तो बॉम जीझस बॅसिलिका या दुसऱ्या चर्चचा आहे हो. दोन्ही जुन्या गोव्यात रस्त्याच्या अल्याड-पल्याड आहेत म्हणून घोळ होतो, पण एवढी दुरुस्ती तेवढी छापाच.

आपल्या कोल्हापुरातनं जोडून सुट्टी आली की निम्मं गाव गोव्यात असतं आणि जुन्या गोव्यात गेलं की सगळे बॉम जीझसला जाऊन सेंट झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रचारक संताचं शवपात्र बघतात आणि समोरचं पांढरं चर्च, म्हणजे से कॅथेड्रल, बाहेरूनच बघून गाडीत बसतात, याचं फार वाईट वाटतं. त्या भागातलं सगळ्यात मोठं चर्च ते आहे, आर्चबिशपची गादी तिथं आहे, आणि दर दहा वर्षांनी झेवियरचे अवशेष दर्शनाला ठेवतात तेपण तिथंच, २०२४ ला ठेवले होते की.

२५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं आदिलशहाकडनं गोवा घेतला, तो दिवस सेंट कॅथरिनच्या सणाचा, म्हणून हे चर्च तिच्या नावाचं. (आपला पन्हाळापण तेव्हा आदिलशाहीतच होता.) आत्ताच्या इमारतीचं काम १५६२ ला सुरू झालं आणि १६१९ पर्यंत चाललं, आतल्या वेद्या (पूजेचे ओटे) व्हायला १६५२ उजाडलं. पहिल्यांदा दोन मनोरे होते, उजव्या हाताचा १७७६ ला कोसळला तो परत बांधलाच नाही, म्हणून समोरनं बघितलं की एका बाजूला रिकामं रिकामं वाटतं. राहिलेल्या मनोऱ्यात ती मोठी 'सोन्याची घंटा' आहे. बाहेरनं एकदम साधं टस्कन पद्धतीचं आणि आत गेलं की पानांच्या नक्षीचे कोरिंथियन खांब, मुख्य वेदीवर सोन्याचा मुलामा आणि कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले. बाजूला ब्लेस्ड सॅक्रामेंटचं चॅपल (छोटं प्रार्थनास्थळ) आहे, त्याच्या लाकडी जाळीपुढं दोन मिनिटं नुसतं उभं राहा, वेलबुट्टी इतकी बारीक कोरलीय की बोट घालायला जागा नाही.

आता त्या लाल-पांढऱ्याचं सांगतो, कारण पुरवणीत 'लाल दगडातलं मूळ सौंदर्य' असं लिहिलंय. ते मूळ नाहीच. दोन्ही चर्च जांभ्याचीच, आजरा-चंदगडकडं घरांना असतो तोच चिरा. जांभा सच्छिद्र, पाणी पितो, म्हणून वरनं चुन्याचा गिलावा द्यायचे, पावसाचा मार तो गिलावा खायचा आणि आतली ओल बाहेर पडू द्यायचा. बॉम जीझसचा गिलावा १९५० च्या दशकात बाल्तझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज आर्किटेक्टनं काढून टाकला, तेव्हापासनं तो दगड कोकणातल्या पावसात उघडा झिजतोय आणि गिलावा परत द्या म्हणून तिथली जाणकार माणसं मागणी करतायत. से कॅथेड्रल अजून गिलाव्यात आहे, म्हणजे जुनं रूप बघायचं तर ते इथं दिसतं!

आपल्याकडंपण जुन्या वाड्यांचा चुना खरवडून दगड उघडा पाडायची फॅशन आलीय, घाटाकडच्या जांभ्याच्या घरांनापण लोक तेच करतायत, आणि काही ठिकाणी तर वर सिमेंट मारतात, मग ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. ज्यांचं घर जांभ्याचं आहे त्यांनी कंत्राटदाराला होकार द्यायच्या आधी चुन्याचं काम करणारा जुना गवंडी शोधावा आणि त्याला भिंत दाखवावी.

– आपला एक नियमित वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर