पॅनेल उन्हात, कंट्रोलर मात्र बॅटरीजवळ हवा

महोदय,

गाडीमागे ओढायच्या छोट्या ट्रेलरसाठी घडीचे सौर पॅनेल घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यामागचे कारणही पटण्याजोगे आहे. ट्रेलर झाडाखाली गारव्याला उभा करून पॅनेल तेवढे उन्हात मांडता येते. छपरावर पक्क्या बसवलेल्या पॅनेलला ही मुभा नसते. त्यातील 36 सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एखाद्या फांदीची सावलीसुद्धा वीज निम्म्याच्या खाली आणू शकते.

माझी तक्रार वेगळीच आहे. अशा अनेक पॅनेलच्या पाठीवरच चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज ट्रेलरमधल्या बॅटरीत बेताने सोडणारे उपकरण, स्क्रूने बसवलेला असतो. ही रचना दिसायला सुटसुटीत असली, तरी लांब वायर जोडताच ती नडते.

मी 100 वॉटचे पॅनेल घेतले आणि सोबत मिळालेली 10 मीटर लांबीची, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर विश्वासाने जोडली. सलग दोन दिवस आभाळ निरभ्र होते, दुपारीच कंट्रोलरचा बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागत होता, आणि तरीही पहाटे पाण्याचा पंप रडत चालू होई. अखेर भर उन्हात मल्टिमीटर लावून पाहिला, तेव्हा कंट्रोलरपाशी 14.4 व्होल्ट आणि बॅटरीच्या टोकांवर 13.6 व्होल्ट दिसले. साडेपाच अँपिअरचा प्रवाह जाऊन-येऊन 20 मीटर तांब्यातून वाहताना 0.8 व्होल्ट वाटेतच संपत होते. कंट्रोलर मोजतो ते स्वतःपाशी, त्यामुळे बॅटरी भरत आली असा त्याचा समज होऊन तो वेळेआधीच हात आखडता घेतो. शिसे-आम्लाची बॅटरी अशी रोज अर्धपोटी राहिली, की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून घट्ट होते आणि तिची क्षमता कायमची घटते.

उपाय अगदी साधा निघाला. मी कंट्रोलर पॅनेलवरून काढून ट्रेलरच्या आत, बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवला. पॅनेल मुळात 18 व्होल्टच्या आसपास वीज देत असल्याने लांब वायरीत त्यातले व्होल्टभर गेले तरी बिघडत नाही. बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज घातला, आणि जोडताना आधी बॅटरी व मग पॅनेल, तर काढताना आधी पॅनेल, हा क्रम पाळू लागलो. ट्रेलरच्या बाजूला आयते सॉकेट असेल, तर त्याची धन-ऋण टोके मल्टिमीटरने पाहिल्याशिवाय काहीही जोडू नये. ती उलट असलेली मी पाहिली आहेत.

पॅनेल थेट बॅटरीला जोडून-तोडून प्रवाह आवरणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर घ्यावा की पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा महागडा एमपीपीटी, यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. एवढ्याशा पॅनेलपुरता मला तो वाद गौण वाटतो. हे पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी तीन-चारशे वॉट-तास देते. त्यात दिवे, पंखा, पंप आणि मोबाइल आरामात चालतात, पण कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसभर चालवण्याची आशा त्यावर ठेवू नये.

उत्पादकांनी कंट्रोलर सुटा द्यावा, आणि ते जमत नसेल, तर त्याच्यापुढे किती लांबीची व किती जाडीची वायर चालेल, हे खोक्यावर वॉटच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापावे, अशी आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक